काशीतील मराठी आडनावे

काशीच्या दुर्गाघाटावर वा ब्रह्माघाटावर आजही मराठी कानी पडते. ही घराणी आली कोठून? पुष्कळदा आडनावच उत्तर देते. 1883 साली काशीत जन्मलेले थोर हिंदी संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांचे आडनाव कोकणातल्या पराड गावाकडे बोट दाखविते.

पण आडनाव नेहमीच वाट दाखवीत नाही. शिवछत्रपतींना 1674 साली राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांच्या नावातील ‘भट्ट’ ही विद्वत्तेची पदवी. तीवरून मूळचे पैठण सापडत नाही. त्यांच्या आजोबांचे बंधू शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या ग्रंथात कुलवृत्तांत लिहिला, म्हणून तो धागा टिकला.

सामान्यांचा कुलवृत्तांत कोण लिहिणार? तो तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेली गावांची आणि वाडवडिलांची नावे तेथे आहेत. अशाच एका वहीत मला पणजोबांची मोडी सही दिसली. पण ती मला वाचता आली नाही. वृद्ध उपाध्यायांनी ती वाचून दाखविली, तेव्हा आनंदाहून लाजच अधिक वाटली.

वह्या जीर्ण होत आहेत, मोडी वाचणारे विरळ झाले आहेत. म्हणून काशीस जाल तेव्हा गंगोदकाबरोबर आपल्या घराण्याच्या पानाची नक्कलही घरी आणा.