कानांनीं पाहणारें वाघूळ

दिवेलागणीच्या सुमारास एखादी पाकोळी, म्हणजे लहान वाघूळ, अंगणावरून सर्रकन् उडून जाते आणि घरांतील मूल विचारतें, "अंधारांत ही भिंतीवर आपटत कशी नाहीं?" "ती आंधळी असते, तिला कानांनीं दिसतें," असें उत्तर बहुधा मिळतें. तें अर्धेंच खरें आहे. वाघूळ आंधळें नसतें. फळें खाणारीं मोठीं वटवाघुळें तर मुख्यतः डोळ्यांनीं व नाकानेंच आपला मार्ग शोधतात. ध्वनीच्या साह्यानें शिकार करितात तीं कीटकभक्षक लहान वाघुळें.

ही विद्या मुलांस सांगावयाची तर शब्दाआधीं अनुभव द्यावा. मुलास चेंडू भिंतीवर मारावयास सांगावें. भिंत जवळ असेल तर चेंडू लवकर परततो, दूर असेल तर उशिरां, हें चार वर्षांच्या मुलासही कळतें. मग त्यास एखाद्या किल्ल्याच्या तटापासून वीस-पंचवीस मीटरांवर उभें करून टाळी वाजवावयास लावावी. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. तटावर आपटून तो क्षणार्धांत परततो. चेंडूच्या जागीं ध्वनि आला, एवढाच फरक.

कोठें कोठें एक खेळही खेळवितात. डोळे बांधलेलें मूल 'वाघूळ' होऊन हांक मारतें आणि 'पतंग' झालेलीं मुलें ओ देतात. खेळ मौजेचा खरा, परंतु खरा पतंग ओ देत नाहीं. वाघुळास ऐकूं येतो तो त्याचाच परत आलेला आवाज. खेळ संपतांच हें सांगितलें पाहिजे, नाहीं तर मुलाच्या मनांत चुकीची समजूत घर करून बसेल.

यावर चौकस मूल विचारील, "मग तो आवाज मला कां ऐकूं येत नाहीं?" मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचेच ध्वनि ऐकतो; बहुतेक वाघुळांच्या हांका त्याहून उंच असतात. ही शंका विद्वानांनाही नडली. इटलींतील स्पालांझानी यानें १७९३ मध्यें दृष्टि नाहींशी केलेलीं वाघुळें निर्वेधपणें उडतांना पाहिलीं. पुढें स्वित्झर्लंडमधील झ्युरीन यास आढळलें कीं, कान बुजविल्यास तीं आपटतात. परंतु आवाज कोणास ऐकूं येईना, म्हणून ती गोष्ट थट्टेवारी गेली. १९३८ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ग्रिफिन या विद्यार्थ्यानें पिअर्स यांच्या ध्वनियंत्रापुढें वाघुळें नेलीं, तेव्हां कोठें तो आवाज सांपडला.

तेव्हां मुलानें शंका काढली तर त्यास गप्प बसवूं नये. आपल्याला ऐकूं येत नाहीं तें नाहींच, असें मानूं नये, हा धडा त्या पाकोळीपासून घरांतील थोरांनींही घ्यावा.