सव्वा महिन्याची सोबत

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, हा विचार महाराष्ट्रात आता रुजला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. परंतु रुग्णालयाची पायरी चढली म्हणजे स्त्रीला आधार लाभलाच, असे मानता येत नाही. जुन्या सुईणीच्या हातून नाळ अस्वच्छ साधनाने कापली जाई आणि त्यातून धनुर्वात होई, हे खरे. तथापि ती पाठ चोळीत, धीर देत शेवटपर्यंत उशाशी बसून असे. सुईण मागे पडली आणि तिच्याबरोबर ही सोबतही.

ही सोबत म्हणजे केवळ माया नव्हे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. कळांच्या काळात अखंड आधार मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती अधिक प्रमाणात नैसर्गिक रीतीने झाली व शस्त्रक्रियेची गरज कमी भासली, असे त्यात आढळले. केंद्र शासनाने २०१६ मध्येच शासकीय रुग्णालयांत प्रसूतीसमयी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली आहे. ही गोष्ट किती सासवांना आणि किती आयांना ठाऊक आहे? परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन निष्णात प्रसाविका तयार करण्याचे धोरणही २०१८ मध्ये आखले गेले. मात्र खेड्यातील स्त्रीचा खरा आधार आजही आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका हाच आहे.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. वैद्यकशास्त्र हा काळ ४२ दिवसांचा मानते. म्हणजे दोहोंत फारसे अंतर नाही. परंपरेने शेकशेगडीची, अळीव-डिंकाच्या लाडवांची तरतूद केली. ताप, अतिरक्तस्राव, आकडी किंवा खचलेले मन ओळखण्याची मात्र केली नाही. ती उणीव कशी भरून काढावी, याचा धडा गडचिरोलीने दिला. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. इतर गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी ठरविण्यात आल्या: दवाखान्यात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, घरी झाल्यास पहिल्या दिवशीही.

योजना चांगली आहे. ती तुटते एका अगदी घरगुती कारणाने. पहिलटकरीण माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या गावी असते. सासरची आशा म्हणते, ‘बाई गावात नाही’. माहेरच्या आशाच्या वहीत तिचे नावच नसते. अशा रीतीने सहाही भेटी दोन गावांच्या मध्ये हरवतात, आणि नेमक्या त्याच मुलीला बाळंतपणाचा काहीच अनुभव नसतो! ऊसतोडीला गेलेल्या स्त्रीची स्थिती याहून बिकट. तिची कोप ज्या शिवारात पडते, तेथील ग्रामपंचायतीला ती आपली वाटत नाही.

येथे पैशाचा प्रश्न नाही. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी निघाली की तिचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्यावे, दोन्ही गावांच्या आशांनी परस्परांना कळवावे, आणि ग्रामसभेच्या आरोग्य समितीने दरमहा एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात गावात कोण बाळंत झाले, आणि तिच्याकडे कितव्या दिवशी कोण गेले? गळिताच्या हंगामात फडावरील कोपींचीही याच वहीत नोंद व्हावी. शिक्षकांचे साह्य येथे मोलाचे ठरेल. कोणाच्या घरी पाळणा हलला, हे वर्गातील मुले सर्वांआधी सांगतात.