देणाऱ्याला आधी विचारा



कळंबच्या चिंतामणीला दंडवत घालू आणि आज दानाचा विचार करू.

वज्र घडवायला हाडं पाहिजेत म्हणून देव दधीची ऋषींच्या दारी गेले. त्यांनी हात जोडून मागितलं, ऋषींनी आनंदानं दिलं. म्हणून ते दान! ओरबाडून घेतलं असतं तर ती लूट झाली असती.

दधीचींना देह ठेवावा लागला. आज तसं नाही. देवानं किडन्या दोन दिल्या. धडधाकट माणूस एकीवर जगतो. यकृताचा भाग दिला तर उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. १९५४ साली अमेरिकेत, बोस्टन शहरात, रोनाल्ड हेरिकनं आपल्या जुळ्या भावाला किडनी दिली. भाऊ आठ वर्षं जगला. आणि देणारा? तो पुढं ५६ वर्षं जगला! तरी ऑपरेशन ते ऑपरेशनच. त्यात धोका असतो. देणाऱ्याची पुरी तपासणी झाल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं घर डोळ्यापुढं आणा. धन्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिसच्या चकरा सुरू झाल्या. घरात बैठक बसते. साऱ्यांच्या नजरा कुठं वळतात? चुलीकडं! आई, नाहीतर बायको. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायाच जास्त. त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवा. पण बाप्पा हो, तिला कोणी विचारलं का? आणि उद्या तिची किडनी गेली, तर तुम्ही उठाल का?

अवयवदानाचा कायदा १९९४ चा. आईबाप, भाऊबहीण, लेकरं, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं देऊ शकतात; देणारा १८ वर्षांवरचा पाहिजे. पैसे घेऊन विकलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. आणि नियम सांगतो, देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्या. तिची मर्जी रोग्याला सोडून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या. ऑपरेशन होईपर्यंत तिला संमती मागे घेता येते. सरकारी कागदाला जे कळलं, ते माळकऱ्याला कळू नये?

म्हणून सांगतो. घरावर अशी वेळ आली तर पुरुषांनी आधी उठावं, "माझं तपासा" म्हणावं. मग तिला एकटीला, शांतपणे विचारावं. 'हो' म्हणाली तर तिला देव माना. 'नाही' म्हणाली तर तोंडातून शब्द काढू नका. जिला 'नाही' म्हणता येतं, तिचंच 'हो' दान ठरतं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!