शांत रस्ता, जागता रस्ता

(लष्कर-ग्वाल्हेर येथील टोपी बाजारात मराठी शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



ज्या टोपी बाजारात मी लहानाचा मोठा झालो, तेथेच आपण मला बोलण्यासाठी पाचारण केले, याचा मला विशेष आनंद वाटतो. नोकरीच्या निमित्ताने मी आता महाराष्ट्रात असतो. तरीही सायकल हा शब्द कानी पडला की, डोळ्यांपुढे उभी राहते ती येथल्या गल्लीत भिंतीला टेकवून ठेवलेली माझ्या वडिलांची काळी सायकल. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि त्या लष्कराचेच पुढे शहर झाले, हा इतिहास मला पुस्तकातून समजण्यापूर्वी त्या सायकलीच्या दांडीवर बसून समजला. दर रविवारी बाबा मला फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी नेत, तेथून किल्ल्याच्या पायथ्याने तानसेनाच्या कबरीपाशी नेत आणि ऊन चढण्यापूर्वी घरी आणीत.

आजचा विषय सायकलीने करावयाच्या ग्रामीण प्रवासाचा आहे. मोटारींची वर्दळ नाही, दोहो बाजूंस शेते आहेत आणि वाटेत जुनी देवळे, गढ्या, विहिरी लागतात, असे रस्ते आपल्या देशात विपुल आहेत. २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तेव्हापासून लहान गावांपर्यंत पक्के रस्ते पोहोचले. हे रस्ते गावाला बाजार, शाळा आणि दवाखाना यांच्याशी जोडण्यासाठी झाले. परंतु त्यामुळे सायकलस्वारालाही हमरस्ता सोडून देशाच्या अंतरंगात शिरण्याची वाट मिळाली.

अशा एका वाटेचे वर्णन येथे करतो. टोपी बाजारातून महाराज बाड्यावर यावे, तेथून फूलबाग, जुने ग्वाल्हेर आणि गोले का मंदिर असे करीत विमानतळाकडे जाणाऱ्या भिंड रस्त्याला लागावे. येथपर्यंत रहदारी फार असते, म्हणून पहाटेच निघणे इष्ट. पुढे मात्र शनिश्चरा मंदिराकडे वळणारा रस्ता धरला की चित्र पालटते. शहराचा कोलाहल मागे राहतो. माघाच्या सुमारास दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते क्षितिजापर्यंत पसरलेली असतात. मधूनच मोराची केका ऐकू येते. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाया थांबून विचारतात, कोठले, कोठे निघालात? शनी अमावस्येला मात्र या रस्त्यावर भाविकांची अलोट गर्दी उसळते. तेवढा दिवस वर्ज्य करावा.

या वाटेवर, शहरापासून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरांच्या आत, मुरैना जिल्ह्यातील बटेश्वर, पढावली आणि मितावली ही तीन स्थळे एकमेकांच्या निकट आहेत. मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे. कडेने लहान लहान गाभारे आणि मध्यभागी शिवाचा मंडप अशी त्याची रचना आहे. त्याचे दिल्लीच्या जुन्या संसद भवनाशी साम्य आहे, असे लोक हौसेने सांगतात. साम्य डोळ्यांना खरोखर दिसते, पण एकावरून दुसरे घेतले याला पुरावा नाही. शिक्षकांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. पढावलीला दहाव्या शतकाच्या सुमाराचे मंदिर होते. पुढे गोहदच्या राणांनी त्याभोवती गढी उभारली. त्या मंदिराच्या मंडपातील कोरीव काम पाहताना मान दुखू लागते, तरी दृष्टी खाली येत नाही.

बटेश्वरची कथा मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजच्या माझ्या म्हणण्याचे सार तीत आहे.

मी नववीत असताना, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, एका मित्राबरोबर घरी न सांगता सायकलीवरून याच बाजूला निघालो होतो. भर दुपारी माझ्या सायकलीचे चाक पंक्चर झाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आम्हाला ती शांतता फार आवडली होती, पण सायकल हातात धरून चालू लागल्यावर त्याच शांततेचे भय वाटू लागले. अखेर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला घरी नेले, भाकरी आणि ताक दिले, सायकली अंगणात ठेवून घेतल्या आणि दुधाच्या टेम्पोत बसवून शहरात धाडले. निघताना त्यांनी बजावले की, ज्या रस्त्यावर तास तास माणूस दिसत नाही, तो रस्ता आपला समजू नये. घरी पोहोचल्यावर बाबांनी काय केले, ते सांगण्याचे कारण नाही!

त्या भयाला कारण होते. चंबळच्या बीहडात बागींच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या वावरत होत्या. १९६० मध्ये आपले विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरले आणि काही बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांचे अनेक साथी शरण आले. तरीही भय पुरते सरले नव्हते. बटेश्वरला आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रतिहारकालीन सुमारे दोनशे लहान देवळे होती. त्यांपैकी बहुतेक कोसळून केवळ दगडांचे ढीग उरले होते. रस्ता शांत होता, पण त्या वाटेने कोणी येत नव्हते आणि दगडांची चौकशी करणारेही कोणी नव्हते.

२००५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी हे काम हाती घेतले. त्या वेळी या परिसरात निर्भय गुर्जरच्या टोळीचा वावर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो पोलिस चकमकीत मारला गेला. त्यानंतर विखुरलेल्या दगडांतून कोणता दगड कोणत्या देवळाचा, हे ओळखून साठाहून अधिक देवळे पुन्हा उभी करण्यात आली. आज तेथे जाणारा माणूस त्या रांगांमधून फिरतो, तेव्हा हे सारे कधी काळी जमिनीवर पडलेले होते, यावर त्याचा विश्वास बसत नाही.

पण संकटाने केवळ रूप बदलले. आसपासच्या दगडखाणींतील सुरुंगांनी या देवळांना हादरे बसतात, अशी तक्रार मुहम्मद यांनी जाहीरपणे मांडली. याच जिल्ह्यात बानमोर येथे ८ मार्च २०१२ रोजी नरेंद्र कुमार या तरुण पोलिस अधिकाऱ्याला बेकायदा दगड वाहून नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली अडविताना प्राण गमवावे लागले. ज्या रस्त्यावर कोणाची नजर नसते, त्याचा उपयोग कोण करते, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणून माझे आपणास सांगणे आहे की, शांत रस्ता आणि निर्जन रस्ता यांत भेद करावयास शिकले पाहिजे. शांत रस्त्यावर माणसे असतात, फक्त गोंगाट नसतो. शाळेला जाणाऱ्या मुली, दुधाचे हंडे नेणारा गवळी, सायकलीवरील पोस्टमन, बांधावर बसलेले आजोबा हे त्या रस्त्याचे खरे रखवालदार होत. सायकलस्वार हा असा प्रवासी आहे की, जो या रखवालदारांत सहज सामील होतो. मोटार गावातून निघून जाते, सायकल मात्र गावात थांबते. तिच्यावरचा माणूस पाणी मागतो, वाट विचारतो, देवळाचे नाव विचारतो. परक्या माणसाने आस्थेने विचारलेल्या एका प्रश्नाने गावकऱ्यांनाही आपल्या पडक्या देवळाकडे नव्याने पाहावेसे वाटते.

आता थोडे व्यवहाराचे. या भागात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा प्रवास करू नये. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. पौषात पहाटे दाट धुके पडते, त्या दिवसांत ते विरल्यावरच निघावे. सायकलीला ब्रेक, घंटी, मागील लाल परावर्तक आणि दिवा असल्याची खात्री करावी. पंक्चरचे सामान आणि हातपंप बरोबर असावा, हा धडा मी पुरता शिकलो आहे! दोन बाटल्या पाणी आणि मुरैनाची तीळ-गुळाची गजक एवढी शिदोरी पुरे होते. एकट्याने न जाता तिघाचौघांनी जावे, घरी मार्ग व परतीची वेळ सांगावी आणि दिवेलागणीपूर्वी परतावे. दगडांनी भरलेली वाहने दिसल्यास सायकल रस्त्याखाली उतरवून त्यांना जाऊ द्यावे. देवळाचा दगड हलवू नये, त्यावर नाव कोरू नये, गावच्या पाणवठ्यावर कचरा टाकू नये.

हे भाषण महाराष्ट्रातही वाचले जाईल, म्हणून तेथील गावकरी, शिक्षक आणि अधिकारी यांनाही एक विनंती. सिन्नरचा गोंदेश्वर, भंडारदरा जलाशयाकाठचे रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु असा एखादा बारव, वीरगळ, गढी वा घाट आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. शाळेने एका वर्षात एकच काम करावे. गावापासून दहा किलोमीटरांच्या परिघातील शांत रस्त्यांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. त्यात पिण्याचे पाणी, सावली, पंक्चरचे दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि जुनी वास्तू दाखवावी. कोठे खड्डा आहे, कोठे अवजड वाहने वेगाने येतात, कोणत्या वळणावर मुलींना भीती वाटते, हेही त्यात यावे. मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. ज्या मुली रोज त्या रस्त्याने जातात, त्यांच्याइतकी रस्त्याची पारख कोणाला असणार? हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. अधिकाऱ्यांनी तो अर्जासारखा न वाचता साक्षीसारखा वाचावा.

मुलांसाठी सुरक्षित ठरलेला रस्ता पाहुण्यांसाठीही सुरक्षित होतो आणि पाहुण्यांची पावले लागली की, जुन्या वास्तूंवर लोकांची नजर राहते.

त्या वृद्ध शेतकऱ्याचे नाव मला तेव्हा विचारावयाचे सुचले नाही. आज बटेश्वरच्या वाटेवर सायकलीने जाणारी शाळकरी मुले दिसली की मला त्यांची आठवण होते. आज त्यांना भेटता आले असते, तर मी एवढेच सांगितले असते की, बाबा, तुमच्या रस्त्यावर आता माणूस दिसतो. तो तसाच दिसत राहावा, हे काम आता आपणा सर्वांचे आहे.