चांगला बोकड आधी विकू नका

शेळ्यांच्या जंतांविषयी आणि लसीकरणाविषयी आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही बोलणार आहोत वंशाविषयी. पुढच्या वर्षी आपल्या गोठ्यात कोणतं पिल्लू जन्मेल, हे आज ठरवता येतं का, याविषयी.

हा विषय आपल्या भागात जास्त गरजेचा आहे. न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. भातशेती, मिठागरं, मोकळी जागा त्यात गेली. त्यानंतर कंटेनरची गोदामं आली, रस्ते आले, आता सागरी सेतूही आला. जिथे शेळ्या चरायच्या तिथे ट्रेलर उभे असतात. म्हणजे शेळ्यांची संख्या वाढवून कमाई वाढवायचे दिवस गेले. चार शेळ्या असतील तर त्या चारच राहणार. मग त्या चारांतून जास्त काय मिळेल, हे बघायला हवं. चारा चांगला दिला तर ह्या वर्षीची शेळी सुधारते. वंश चांगला निवडला तर तिच्या लेकी आणि नाती सुधारतात.

आता एक प्रश्न. भाताचं बियाणं ठेवताना आपण काय करतो? भरलेली, टपोरी लोंबी बाजूला काढतो. पोचट दाणे पुढच्या वर्षी पेरायला कोणी ठेवत नाही. पण बोकडाच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. जे पिल्लू सर्वांत लवकर वाढतं, अंगाने भरतं, त्याच्यावर व्यापाऱ्याची नजर आधी जाते. बकरी ईदच्या आधी तोच बोकड गाडीत चढतो, कारण त्यालाच भाव असतो. मागे राहतो तो किरकोळ, ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. आणि गावातल्या शेळ्या त्याच्याकडूनच गाभण राहतात. असं वर्षानुवर्षं चाललं, तर वंश खाली येणारच. यात नशिबाचा काही संबंध नाही.

शेळीपेक्षा बोकडाची निवड मोठी का? हिशेब साधा आहे. प्रत्येक पिल्लाला अर्धा गुण आईकडून येतो, अर्धा बापाकडून. एक शेळी आपल्या दोन-तीन पिल्लांत उतरते. पण एक बोकड 20 ते 25 शेळ्यांना पुरतो, म्हणजे वर्षभरात पाड्यावर जन्मणाऱ्या सगळ्या पिल्लांत तो उतरतो. एक शेळी वाईट निघाली तर एका घराचं नुकसान. बोकड वाईट निघाला तर सगळ्या गटाचं.

हे गुण उतरतात कसे, याची एक खरी गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर, भाताची कापणी झाली की घाटावरून धनगर मंडळी मेंढ्या घेऊन रायगडात उतरतात. खताच्या सोयीसाठी शेतकरी आपल्या खाचरात मेंढ्या बसवून घेतात. त्या मेंढ्या आपण पाहिल्या आहेत. त्या बहुतेक दख्खनी. दख्खनी मेंढी काटक, मैलोन्‌मैल चालणारी. पण एका वेताला साधारण एकच कोकरू देते.

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी ती 1968 साली स्थापन केली. तिथे डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या काळात एक काम हाती घेतलं. बंगालमध्ये सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी असते. ती इतकी लहान, की आपल्या शेळीपुढेही ठेंगणी वाटेल. पण ती जुळी सहज देते, कधी तिळीसुद्धा. संशोधकांना प्रश्न पडला : तिचा जुळं देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणता येईल का, आणि दख्खनीचं अंग, तिचा काटकपणा तसाच ठेवता येईल का?

या गुणामागे एक जनुक आहे. जनुक म्हणजे शरीरात आईबापांकडून आलेली एक सूचना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. जुळं देण्याच्या या जनुकाला शास्त्रज्ञ फेक-बी म्हणतात. हाच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला नावाच्या मेंढ्यांतही सापडला. बंगालच्या मेंढ्या 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने तिकडे गेल्या होत्या, आणि त्यांच्याकडूनच हा गुण तिथे पोचला असं मानतात. आपल्या समोरच्या बंदरातून रोज जहाजं जातात. अशाच एका जहाजातून बंगालच्या गरीब घरातल्या मेंढीचा गुण परदेशी गेला आणि तिकडे मोलाचा ठरला.

फलटणला गॅरोल आणि दख्खनी यांचा संकर केला. मग त्यांची संतती पुन्हा पुन्हा दख्खनी रक्ताच्या मेंढ्यांशी जुळवली. हेतू हा, की गॅरोलचं लहान अंग मागे पडावं आणि जुळ्याचा गुण तेवढा राहावा. पण तो गुण कोणात राहिला हे कळणार कसं? मेंढीचं निदान वेताला कळतं. मेंढा तर वीत नाही! त्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं. 2001 साली हा जनुक नेमका कोणता ते जगातल्या संशोधकांनी शोधून काढलं, आणि मग थोड्या रक्तावरून तपासणी करता येऊ लागली. ज्या मेंढ्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील, त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळणारच. असा मेंढा कळपात सोडला की काम झालं. या वाणाला नारी सुवर्णा असं नाव दिलं. एक प्रत असलेली मेंढी एकाऐवजी सरासरी दीडच्या जवळपास कोकरं देते. म्हणजे निम्म्याच्या आसपास वेतांना जुळं.

पण मैत्रिणींनो, जुळं जन्मलं म्हणजे पैसे आले असं नाही. जुळी कोकरं लहान असतात. आईला दूध दोघांपुरतं हवं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात तिला जास्त खाऊ लागतं. कमजोर पिल्लाला हाताने पाजावं लागतं, आणि हे काम कोण करतं ते आम्ही सांगायला नको. ते घरच्या बाईवरच येतं. म्हणून वंश निवडताना नुसती किती पिल्लं झाली ते मोजू नका. तीन महिन्यांनी किती जगली आणि किती वजनाची झाली, ते मोजा. आईला पोसता येतील आणि आपल्याला सांभाळता येतील, एवढीच पिल्लं फायद्याची.

आता आपल्या शेळ्यांकडे येऊ. फलटणची ती रक्ततपासणी मेंढ्यांसाठी आहे. शेळीचं जुळं, दूध, वाढ हे गुण एका जनुकावर ठरत नाहीत, अनेक जनुकं मिळून ते ठरतात. एकदा जुळं झालं म्हणून ती शेळी जुळ्याचीच, असं म्हणता येत नाही. त्या वर्षी खाणं चांगलं मिळालं असेल. म्हणून दोन-तीन वेतं बघावी लागतात. आणि तीन वेतं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यासाठी लागते वही. आपली रक्ततपासणी म्हणजे ती वही.

वहीत काय लिहायचं? शेळीचं नाव किंवा कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर. कोणत्या बोकडाकडे कधी दाखवली. कधी व्याली, किती पिल्लं, नर की मादी. जन्माचं वजन आणि तीन महिन्यांचं वजन. एक ताणकाटा आणि एक झोळी सगळ्या गटाला पुरते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. शेळी साधारण 150 दिवसांनी विते, त्यामुळे तारीख लिहिली की व्यायचा दिवसही आधी कळतो.

मग बोकड निवडा, आणि तो त्याच्या आईकडे बघून निवडा. जिने दोन-तीन वेतांत जुळी दिली, दोन्ही जगवली, जिला दूध भरपूर आहे, तिचं पिल्लू घ्या. आता पिल्लाकडे बघा. तीन महिन्यांना ते बाकीच्यांपेक्षा वजनदार हवं. पाय सरळ हवेत. वरचा-खालचा जबडा नीट जुळायला हवा. दोन्ही वृषणं खाली उतरलेली आणि सारखी हवीत. आणखी एक गोष्ट. शेळी बिनशिंगी असेल तर तिला शिंगाचा बोकड दाखवा. युरोपातल्या सानेनसारख्या जातींत बिनशिंगी नर-मादी एकत्र आणल्यावर धड नर नाही, धड मादी नाही अशी वांझ पिल्लं जन्मतात, हे सिद्ध झालं आहे. हीसुद्धा जनुकाचीच करामत.

नात्याचंही बघा. पाट 8-10 महिन्यांची झाली की माजावर येऊ लागते. बोकड गावात दोन वर्षांहून जास्त राहिला, तर तो स्वतःच्या लेकींना लागतो. अशा पिल्लांत मरतूक वाढते, वाढ खुंटते. म्हणून दीड-दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या गटाशी बोकडाची अदलाबदल करा. पैसे लागत नाहीत, फक्त बोलणं लागतं. आणि निवड न झालेले नर चार महिन्यांच्या आत खच्ची करून घ्या किंवा वेगळे बांधा. नाहीतर निवड वहीत राहते आणि काम तेच करून जातात.

जात कोणती? काळी उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ आपल्यासारख्या धो-धो पावसात टिकणारी आहे. बाजारात दिसणारा मोठ्या कानांचा, उंच बोकड पाहून भुलू नका. कोरड्या मुलखातलं जनावर आपल्या दमट हवेत, ओल्या गोठ्यात आजारी पडतं. आपल्याच पावसात वाढलेली, न आजारता वेत देणारी शेळी हा मोठा ठेवा आहे.

चांगला बोकड जवळपास नसेल, तर गोठवलेल्या रेताची कांडी भरण्याचाही मार्ग आहे. साताऱ्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावातल्या बायकांनाच हे काम शिकवलं. त्या दारोदारी जाऊन शेळ्यांना कृत्रिम रेतन करतात आणि लोक त्यांना शेळ्यांच्या डॉक्टर म्हणतात. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा : शेळीची कांडी मिळते का, कोणत्या जातीची, आणि भरायला कोण येतं?

आता मुद्द्याचं. चांगला बोकड राखायचा तर त्याच्या मालकिणीचं नुकसान होता कामा नये. तिलाही मुलांची फी भरायची आहे. म्हणून तो बोकड गटाने विकत घ्यावा. समजा व्यापारी 10 हजार देतो आहे. गटात 20 जणी असतील तर प्रत्येकीला 500 रुपये येतात. तेवढ्यात दोन वर्षं सगळ्यांच्या शेळ्यांना चांगला बाप मिळतो, आणि दोन वर्षांनी बोकड विकून पैसे परत गटात येतात. जी त्याला सांभाळेल तिला दर शेळीमागे ठरावीक पैसे द्या, म्हणजे खुराकाचा खर्च निघेल. आणि हे सगळं ठरावाच्या वहीत लिहून सह्या-अंगठे घ्या. का, ते आपल्याला माहीत आहे. ईदच्या आधी दारात गाडी उभी राहिली की घरातला माणूस म्हणतो, देऊन टाक. तेव्हा सांगता आलं पाहिजे, हा बोकड माझ्या एकटीचा नाही, वीस जणींचा आहे.

येत्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या सगळ्या शेळ्यांची यादी काढा आणि एकेकीला विचारा, तुझ्या शेळीच्या पिल्लांचा बाप कोणता? किती जणींना उत्तर देता येतं ते मोजा. तिथून वही सुरू होईल.