चावी कुणाच्या हातात?

(महिलांसाठी घेतलेल्या घरदुरुस्ती कार्यशाळेत एका कुलूप-चावी कारागिरानं केलेलं भाषण)



माझ्या बहिणींनो, आपल्या चळवळीच्या कार्यक्रमांत वकील बोलतात, प्राध्यापक बोलतात, लेखक बोलतात. आज तुम्ही एका चावीवाल्याला उभं केलंय. गेली पंचवीस वर्षं मी चाव्या बनवतो आणि कुलपं दुरुस्त करतो. भाषणाची सवय नाही, म्हणून पिशवीत तीन कुलपं, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक कानस आणि एक पेन्सिल घेऊन आलोय. थोड्या वेळानं आपण हातानंच काम करणार आहोत. त्याआधी दोन गोष्टी सांगतो. पहिली, कुलूप का बिघडतं. दुसरी, माझ्या हातून झालेली एक चूक.

माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "लॉक खराब झालंय, नवीन बसवा." मी घरी जाऊन बघतो, तर बऱ्याचदा लॉक ठणठणीत असतं आणि बिघडलेला असतो दरवाजा. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दरवाजा उघडा ठेवा आणि चावी फिरवा. जीभ, म्हणजे लॉकमधून बाहेर येणारा लोखंडी दांडा, सहज आत-बाहेर झाली तर लॉक चांगलं आहे असं समजा. दरवाजा बंद केल्यावरच चावी अडत असेल, तर ती जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात नीट जात नाहीये. पावसाळ्यात लाकूड फुगतं. वर्षानुवर्षं दारावर ओल्या टॉवेलांचं आणि पिशव्यांचं ओझं लटकतं, त्यानं बिजागऱ्या ढिल्या होतात आणि दार खाली बसतं. मग आपण चावीवर जोर देतो आणि चावी आतच मोडते. दोष दाराचा असतो, खर्च मात्र कुलपावर होतो.

उपाय असा. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. गुल काढून टाकलेल्या दोन-तीन काड्या लाकडाच्या डिंकात बुडवून त्या भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, बाहेर राहिलेला भाग कापा आणि स्क्रू पुन्हा बसवा. तरीही जीभ अडत असेल तर तिच्या टोकाला खडू किंवा जुनी लिपस्टिक लावा आणि दार लोटून चावी फिरवून बघा. पट्टीवर जिथं डाग उमटेल तिथं जीभ आपटतेय. तेवढीच जागा कानशीनं घासा. या कामाला मिस्त्री लागत नाही.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. चावी कडक फिरायला लागली की आपण खोबरेल तेल ओततो. दोन दिवस बरं चालतं. मग त्या तेलात धूळ बसते, त्याचा चिखल होतो आणि आतल्या बारीक पिना चिकटतात. चावीच्या भोकात तेल घालू नका. पेन्सिलीचं शिसं चावीच्या दातांवर घासा आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. मशीनचं तेल बिजागरीला चालतं, एक थेंब जिभेलाही चालतो.

आणि डुप्लिकेट चावी करायची असेल तर रोजची झिजलेली चावी देऊ नका. कपाटात ठेवलेली कोरी चावी द्या. झिजलेल्या चावीवरून काढलेली नक्कल ही झिजलेलीच नक्कल असते.

लॉक खरंच गेलं असेल तर सगळंच बदलायची गरज नसते. फ्लॅटच्या दारात बसवलेल्या बऱ्याच मॉर्टाइज लॉकमध्ये फक्त सिलिंडर बदलता येतो. दाराच्या कडेला, जिभेच्या खाली, एक लांब स्क्रू दिसतो. तो काढा, चावी घालून थोडीशी तिरकी करा आणि सिलिंडर ओढा. तो बाहेर येतो. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतचं माप घ्या, किंवा सरळ जुना सिलिंडर खिशात घालून दुकानात जा. दारावर आतून बसवलेलं नाइट लॅच असेल तर ते घेताना दार डावीकडं उघडतं की उजवीकडं, आत उघडतं की बाहेर, हे आधी बघून ठेवा. निम्मी लॅच याच कारणानं परत येतात.

आणखी एक सांगतो, ते विसरू नका. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही. म्हातारी आई आत आहे, पोरं झोपलीत, "आत्ता येते" म्हणून आपण बाहेरून कुलूप घालून दुकानात जातो. आग लागली, गॅस गळला, तर आतल्या माणसाला वाट राहत नाही. आतून दार उघडायला चावी शोधावी लागू नये. चांगलं कुलूप बाहेरच्याला अडवतं, आतल्याला कोंडत नाही. बाथरूमची कडी आणि मुलीच्या खोलीची आतली कडी यांनाही हाच नियम. ती कडी मोडली तर "बघू दिवाळीत", "बघू ईदला" असं करू नका. आपल्या घरांत पुढच्या दाराला महागडं लॉक असतं आणि बाथरूमला सुतळी बांधलेली असते. ज्या पोरीला ती सुतळी धरून अंघोळ करावी लागते, तिला विचारा.

आता दुसरी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एक माणूस दुकानात आला. कपडे नीटनेटके, बोलणं शांत. "घराची चावी हरवली, लॅच बदलायचंय." मी त्याच्याबरोबर गेलो. आधार कार्डावर तोच पत्ता होता. शेजाऱ्यानंही त्याला नावानं हाक मारली. मला शंका घ्यायचं कारण वाटलं नाही. चाळीस मिनिटांत जुनं लॅच उतरवलं, नवीन बसवलं, तीन चाव्या त्याच्या हातात दिल्या आणि पैसे घेतले. जुनं लॅच भंगारात टाकायला बरोबर आणलं.

संध्याकाळी दुकान बंद करताना एक बाई आली. बरोबर दोन मुलं, मोठीच्या पाठीला दप्तर. चार दिवस माहेरी गेली होती. तिनं माझ्यापुढं चावी धरली आणि म्हणाली, "भाई, ही चावी लागत नाहीये, जरा बघा." ती चावी माझ्याच दुकानात बनलेली होती. माझी कटिंग मी ओळखतो.

चावीत काही दोष नव्हता. दाराला दुसरं लॅच होतं आणि ते मी बसवलं होतं.

मी तिला खरं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही विचारलं नाही का, घरात अजून कोण राहतं?" मी विचारलं नव्हतं. मी कागद तपासले होते, माणसं मोजली नव्हती. त्या रात्री ती शेजारणीकडं झोपली. मुलांची पुस्तकं, तिचे दागिने, निकाहनामा, सगळं आत. नवरा फोन उचलत नव्हता. पुढं वकील, संरक्षण अधिकारी, कोर्ट असं फिरून अकरा महिन्यांनी ती आदेश घेऊन घरात शिरली. लॅच तिनं पुन्हा बदललं, पण माझ्याकडून नाही. तिनं बरोबर केलं.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, माझा धंदा चोराला अडवायचा आहे. पण घरातल्याच माणसाला बाहेर काढायलाही कुलूपच वापरलं जातं. त्याला ना मारहाण लागते, ना आरडाओरडा. चाळीस मिनिटांचं काम असतं आणि ते करायला माझ्यासारखा एक कारागीर लागतो.

कोर्टाच्या त्या अकरा महिन्यांत मी थोडं शिकलो. वकिलांना विचारून खात्री केलीय, म्हणून सांगतो.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्याचं कलम 17 सांगतं की, ज्या सामायिक घरात बाई राहते तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो, कायद्याच्या रीतीशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट तिला घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतात. गरज पडली तर पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी यांनाही तो लागू आहे. "घर माझ्या बापाच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सासऱ्याच्या मालकीचं घरही सुनेचं सामायिक घर ठरू शकतं. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे हक्कही न्यायालय बघतं. पण तो तोल न्यायालयानं साधायचा असतो, लॅच बदलून नाही.

कुणी म्हणेल, "मी तीनदा तलाक म्हटलंय, आता ती माझी कोण?" असा एका दमात दिलेला तलाक 2019 च्या कायद्यानं निरर्थक तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुरआनातल्या सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत इद्दतीच्या काळात बायकांना घराबाहेर काढू नका अशी ताकीद आहे, आणि तिथं त्या घरांना बायकांचीच घरं म्हटलंय. जी माणसं शरियतचं नाव घेऊन लॅच बदलायला येतात, त्यांनी ती आयत वाचावी. मी आलिम नाही, पण एवढं मला वाचता येतं.

भाडेकरूंसाठीही एक गोष्ट. भाडं थकलं म्हणून मालकानं परस्पर कुलूप घातलं, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 6 आहे. कायदेशीर रीतीशिवाय आणि संमतीशिवाय ताबा काढून घेतला असेल, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात ताबा परत मागता येतो. सहा महिने हा शब्द लक्षात ठेवा. बरेच जण मालकाच्या दारात हात जोडून उभे राहण्यातच ते घालवतात.

आज घर बंद झालं तर आज काय करायचं? महिला हेल्पलाइन 181, पोलिसांसाठी 112. नव्या लॅचचा फोटो काढा, न लागणारी आपली चावी जपून ठेवा, शेजाऱ्यांना साक्षीला बोलवा. दार फोडू नका. आणि निकाहनामा, आधार, मुलांचे दाखले यांच्या प्रती आईकडं किंवा मैत्रिणीकडं आजच ठेवून द्या.

माझ्या दुकानाचे आता तीन नियम आहेत. लॉक बदलायला बोलावलं की मी विचारतो, या घरात कोण कोण राहतं? नंतर सांगतो, त्यातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाशी फोनवर बोलणं करून द्या. आणि काम झालं की घरात जेवढी मोठी माणसं, तेवढ्या चाव्या करून देतो. नाव, पत्ता, तारीख वहीत लिहितो. काही गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडं गेली, जाऊ द्या. उलटही होतं. मारहाणीला कंटाळलेली बाई कोर्टाचा आदेश घेऊन येते, तेव्हा मी रात्री दहा वाजताही लॅच बदलायला जातो.

आता फोनवर चालणारी कुलपं आलीत. लोक म्हणतात, चावीवाल्याचा धंदा संपला. अल्-जझरी नावाच्या कारागिरानं 1206 साली पुरा केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात अक्षरांच्या चार तबकड्या जुळवून उघडायच्या कुलपाची रचना दिलीय. म्हणजे बिनचावीचं कुलूप आठशे वर्षं जुनं आहे. प्रश्नही तोच आहे. नंबर कुणाला माहीत आहे आणि तो न सांगता बदलायचा हात कुणाचा आहे? फोनच्या कुलपात तर नवऱ्याला कामावर बसून बायकोची चावी रद्द करता येते. असं कुलूप घरी बसवाल तर तुमचा स्वतःचा फोन त्याला मुख्य म्हणून जोडलाय ना, ते बघून घ्या.

शेवटी चळवळीला एक सूचना करतो. आपण निकाहच्या वेळी मेहेर ठरवतो, कागदावर लिहितो, साक्षीदार घेतो. त्याच वेळी सासरच्या घराची एक चावी मुलीच्या हातात द्यायची पद्धत सुरू करूया. खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही. आमच्या गल्लीत कुणाचा निकाह असेल तर ती चावी माझ्याकडून फुकट. घर तुझंही आहे, हे भाषणात सांगण्यापेक्षा चावीनं सांगितलेलं बरं.

बास. आता चार-चार जणी एका टेबलाला या. पहिलं काम सिलिंडर काढायचं आहे. स्क्रू खाली पडू देऊ नका, वाटीत ठेवा. आणि चावी घालून थोडी तिरकी करायला विसरू नका, तो सरळ ओढून येत नाही.