तीन मिनिटं मिळाली तर काय मागाल?

(युवकांच्या भाषण-शिबिरात केलेलं भाषण, लिहून काढलेलं)



भाषण कसं करावं यावर बोल, असं मला सांगितलंय. गेली बरीच वर्षं मी गावोगावच्या वक्तृत्व स्पर्धांत घड्याळ घेऊन बसतो. त्या अनुभवावरून एक सांगतो. घोषणा आणि टाळ्या लोक त्याच रात्री विसरतात. घरी नेतात ते फार तर एक वाक्य आणि एक काम. ते कुठलं, हे बोलणाऱ्यानेच ठरवलेलं नसेल तर ऐकणाऱ्याला कसं कळणार?

म्हणून पहिली पायरी पेन-कागदाची नाही. स्वतःला विचारा, माझं बोलणं संपल्यावर समोरच्याने नेमकं काय करावं? समजा, गावच्या मराठी शाळेत चार वर्ग आणि मास्तर एकच. ग्रामसभेत तुम्हाला तीन मिनिटं मिळालीत. "मराठीवर अन्याय होतोय" एवढंच म्हणून खाली बसलात तर सगळे माना डोलावतील आणि उठून घरी जातील. त्यापेक्षा म्हणा, "रिकामी जागा भरावी असा ठराव आजच करा आणि तो बीईओ कार्यालयाला पाठवा." आता सभेला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

या मागणीला आधार द्या, पण मोजका. पटावर मुलं किती, जागा किती दिवस रिकामी, हे शाळेत जाऊन स्वतः विचारून या. ऐकीव आकडा सांगू नका. एक आकडा चुकला की समोरचा त्यालाच धरतो आणि मूळ मागणी बाजूला पडते. कायद्याचा आधार हवा असेल तर संविधानाचं कलम ३५० अ वाचा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. कलमाचा नंबर सांगून थांबू नका, अर्थ साध्या शब्दांत सांगा.

याचं मोठं उदाहरण आपल्याच बेळगावातलं आहे. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळक इथे स्वराज्यावर बोलले. तेव्हा तो शब्द उच्चारणंही जोखमीचं होतं. बेळगावचं हे भाषण आणि नंतरची अहमदनगरची दोन, यांवरून सरकारने त्यांच्यावर कारवाई केली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द झाला.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. या भाषणांत टिळकांनी अवघड मुद्दा देवळातल्या उदाहरणाने सांगितला. आमचा देवावर राग नाही, मधला पुजारी बदला. म्हणजे बादशहा राहू दे, कारभार आमच्या माणसांच्या हाती द्या. शेतकऱ्यालाही हे कळलं. शिवाय कोर्टाने सुटी वाक्यं न पाहता भाषणं सबंध वाचली, आणि सबंध वाचल्यावर ती टिकली.

आज मात्र तुमचं सबंध भाषण कुणी वाचत बसणार नाही. कुणीतरी मोबाईलवर वीस सेकंदांची क्लिप कापेल आणि ग्रुपवर टाकेल. म्हणून प्रत्येक वाक्य एकटं उभं राहील असं बोला. चीड आली तर ती कामावर, निर्णयावर काढा. शेजारी बसलेल्या कन्नड बोलणाऱ्या माणसावर काढू नका. उद्या ठरावाला त्याचाही हात वर व्हायला हवाय. पीडीओला मराठी येत नसेल तर मागणीचं वाक्य कन्नडमधूनही सांगा. त्यात कसला कमीपणा? काम त्यांच्या टेबलावरून जायचंय.

आता भाषेचं. तुमच्यातले कितीतरी जण म्हणतात, "सर, आमची मराठी शुद्ध नाही, आम्ही कन्नड मीडियमचे, आम्ही नाही बोलणार." आणि मग वर्षानुवर्षं तीच चार माणसं माइकवर दिसतात. अरे, "येणार होतो, खरं पाऊस आला" असं आपण बोलतो. 'पण'च्या जागी 'खरं' आलं म्हणून ग्रामसभेत कुणाचं काही अडलंय का? पुण्याचे उच्चार उसने आणायला गेलात की निम्मं लक्ष उच्चारात जातं आणि मुद्दा सुटतो. घरात जसं नीट समजावून सांगता, तसंच सांगा. देवनागरी लिहायला जड जात असेल तर मुद्दे कन्नड लिपीत लिहा, इंग्रजी अक्षरांत लिहा. सभेला तुमचा कागद दिसत नाही.

तयारी अशी करा. मी घड्याळ लावून पाहिलंय, सभेत आपण मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो. म्हणजे तीन मिनिटांत तीनशे. त्यात "सन्माननीय व्यासपीठ"पासून प्रत्येकाचं नाव घेत बसलात तर एक मिनिट तिथेच संपलं. "अध्यक्ष आणि गावकरी मंडळी, नमस्कार" एवढं पुरे. पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ करा. मधले तीन मुद्दे जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, पातळ कागद हाताबरोबर थरथरतो. सगळं भाषण पाठ करू नका, एक ओळ विसरली की पुढचं सगळं अडकतं. मोठ्याने तीनदा म्हणून बघा, त्यातलं एकदा आजीसमोर. "म्हणजे काय रे?" असं ती जिथे विचारेल, ते वाक्य बदला.

उभं राहिल्यावर माइकवर फू फू करू नका. तोंडापासून वीतभर अंतर ठेवा. उघड्यावर कर्णा लावलेला असेल तर आवाज घुमतो. तेव्हा वाक्यं छोटी ठेवा आणि दोन वाक्यांत थोडं थांबा. नजर पहिल्या खुर्च्यांवर नको, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांकडे ठेवा. त्यांना ऐकू गेलं तर सगळ्यांना गेलं. छाती धडधडणारच. पहिलं वाक्य पाठ असेल तर तेवढ्यात ती जागेवर येते.

संपवताना नवा मुद्दा काढू नका. मागणी पुन्हा एकदा म्हणा आणि बसा. तीच मागणी लेखी निवेदनात द्या आणि पोच घ्या. बोललेलं नाकारता येतं, पोच नाकारता येत नाही.

आता चहा घ्या. चहानंतर प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचंय. विषय आपल्या गावाचा, मागणी एकच. सुरुवात आजवर कधीच माइक हातात न घेतलेल्यांपासून. घड्याळ माझ्याकडे आहे.